मिग वेल्डिंगमधील संरक्षक वायूचा प्रवाहदर : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील लघु कार्यशाळांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील लहान गाळ्यांमध्ये व घरालगतच्या शेडमध्ये मिग वेल्डिंगचे काम मोठ्या प्रमाणावर चालते. या प्रक्रियेत सांध्याचे रक्षण करणाऱ्या वायूचा प्रवाहदर किती ठेवावा याविषयी कारागिरांमध्ये 'सांध्यात छिद्रे दिसली की गॅस वाढवावा' असा समज रूढ आहे. हा समज अंशतःच खरा असून एका मर्यादेपलीकडे वाढविलेला प्रवाह संरक्षणाऐवजी हानी करतो, हे प्रस्तुत लेखात साध्या गणिताच्या व भौतिकशास्त्रीय तत्त्वांच्या आधारे स्पष्ट केले आहे. तसेच प्रवाहदर निश्चित करण्याची क्रमवार पद्धती, मोजमापातील सामान्य चुका व सुरक्षिततेचे मुद्दे मांडले आहेत.

बीजशब्द : मिग वेल्डिंग, संरक्षक वायू, प्रवाहदर, सच्छिद्रता, लघु कार्यशाळा.

१. प्रस्तावना

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांचे रूपांतर वाहन व अभियांत्रिकी उद्योगाच्या केंद्रात झाले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे हा विस्तार नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत पोहोचला. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा व २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकण परिसरात सुरू झाला. या मोठ्या कारखान्यांच्या पाठीशी पुरवठादारांची एक उतरंड उभी आहे. तिच्या अगदी खालच्या पायरीवर भोसरी, तळवडे, चिखली व चाकणच्या आसपासच्या वाड्यांतील लहान गाळे येतात. एक वेल्डिंग मशीन, एक सिलिंडर, दोन-तीन कारागीर आणि डोक्यावर पत्रा, एवढ्या भांडवलावर ब्रॅकेट, स्टँड, ट्रॉली, जाळ्या व लहान सुटे भाग येथे तयार होतात. घराच्या अंगणातील शेडमध्ये सुटीच्या दिवशी स्वतःचे काम करणारा नोकरदार कारागीरही याच वर्गात मोडतो.

या कार्यशाळांत ज्या प्रक्रियेला 'सीओटू वेल्डिंग' म्हटले जाते तीच शास्त्रीय परिभाषेत मिग किंवा मॅग वेल्डिंग होय. वायू निष्क्रिय असेल (उदा. आरगॉन) तर 'मिग' आणि वायू आर्कमध्ये रासायनिक क्रिया करणारा असेल (उदा. कार्बन डायऑक्साइड) तर 'मॅग' असा भेद केला जातो. व्यवहारात मात्र दोहोंना 'मिग' म्हणण्याची पद्धत आहे व प्रस्तुत लेखात तीच स्वीकारली आहे.

विद्युतप्रवाह, व्होल्टता व तारेचा वेग या बाबी कारागीर आवाजावरून व ठिणग्यांवरून अचूक ओळखतो. वायू मात्र दिसत नाही आणि त्याचा आवाजही आर्कच्या आवाजात बुडून जातो. त्यामुळे वायूचा प्रवाहदर ही या प्रक्रियेतील सर्वांत दुर्लक्षित बाब ठरते. या दुर्लक्षाची किंमत दुहेरी असते. एकीकडे वायू वाया जातो. दुसरीकडे सांध्याच्या पोटात छिद्रे राहतात आणि घासून रंग दिल्यावर ती कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत.

२. लेखाची उद्दिष्टे

१) संरक्षक वायूचे कार्य व सच्छिद्रतेची कारणमीमांसा स्पष्ट करणे.
२) प्रवाहदर कमी व अधिक असण्याचे परिणाम तत्त्वतः समजावून देणे.
३) लघु कार्यशाळेत प्रवाहदर निश्चित करण्याची व्यवहार्य पद्धती मांडणे.
४) स्थानिक परिस्थितीतील (पत्र्याची शेड, पंखे, उन्हाळा, पावसाळा) विशेष अडचणींचा विचार करणे.

३. संरक्षक वायूचे कार्य

वितळलेले पोलाद हवेच्या संपर्कात आले की त्यात ऑक्सिजन व नायट्रोजन विरघळतात. द्रवरूप लोहात नायट्रोजन बऱ्यापैकी विरघळतो. धातू गोठू लागताच ही विद्राव्यता एकदम घटते. बाहेर पडू पाहणाऱ्या वायूचे बुडबुडे गोठणाऱ्या धातूत अडकतात आणि सांधा सच्छिद्र होतो. कारागीर ज्यांना 'ब्लो होल' म्हणतात ती छिद्रे बहुधा याच मार्गाने निर्माण होतात.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. कार्बन डायऑक्साइड हा वायू आर्कच्या उष्णतेने विघटित होऊन कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजन देतो. मग ऑक्सिजन देणारा वायू संरक्षक कसा? याचे उत्तर तारेच्या घटनेत आहे. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या तारेत सिलिकॉन व मँगनीज यांचे प्रमाण मुद्दाम अधिक ठेवलेले असते. ही मूलद्रव्ये ऑक्सिजनला बांधून घेतात व त्यांची ऑक्साइडे सांध्यावर काचेसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या रूपाने तरंगून येतात. नायट्रोजनला बांधून घेणारे असे कोणतेही मूलद्रव्य सामान्य तारेत नसते. म्हणजेच तार ऑक्सिजनचा बंदोबस्त करू शकते, नायट्रोजनचा नाही. आणि हवेत नायट्रोजन सुमारे ७८ टक्के आहे. संरक्षक वायूचे खरे काम हवेतील नायट्रोजनला दूर ठेवणे हे आहे, असे म्हणता येईल.

या प्रक्रियेचा इतिहासही हेच दर्शवितो. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये ती विकसित झाली तेव्हा निष्क्रिय वायूच वापरला जात होता व उपयोग प्रामुख्याने ॲल्युमिनियमसाठी होता. १९५३ मध्ये सोव्हिएत संशोधक ल्युबावस्की व नोवोशिलोव यांनी पोलादासाठी कार्बन डायऑक्साइड वापरता येतो हे मांडले आणि ही प्रक्रिया स्वस्त होऊन सामान्य कार्यशाळेच्या आवाक्यात आली. आज आपल्या परिसरात पातळ पत्र्यासाठी व स्वच्छ सांध्यासाठी आरगॉन व कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण (बहुधा ८० : २०) आणि सर्वसाधारण फॅब्रिकेशनसाठी शुद्ध कार्बन डायऑक्साइड असे दोन्ही प्रकार प्रचलित आहेत.

४. 'अधिक गॅस म्हणजे अधिक संरक्षण' या समजाची चिकित्सा

सांध्यात छिद्रे दिसली की 'गॅस थोडा वाढव रे' ही उस्तादाची पहिली सूचना असते. प्रवाह खरोखरच कमी असेल तर ती योग्य आहे. परंतु या सूचनेला वरची मर्यादा आहे, हे सांगितले जात नाही.

४.१ वेगाचे गणित

नोझलचा आतील व्यास १५ मि.मी. व प्रवाहदर मिनिटाला १५ लिटर आहे असे मानू. मिनिटाला १५ लिटर म्हणजे सेकंदाला पाव लिटर, अर्थात २५० घन सें.मी. नोझलच्या मुखाचे क्षेत्रफळ सुमारे १.७७ चौ. सें.मी. येते. त्यावरून वायूचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर मिळतो. हा वेग माणसाच्या सर्वसाधारण चालण्याइतकाच आहे. संरक्षक वायू जोराने हवेला रेटून बाजूला सारत नाही. तो वितळलेल्या धातूवर शांतपणे पसरून हवेची जागा घेतो. वेल्डिंगचा वायू हा 'फवारा' नसून 'पांघरूण' आहे, ही कल्पना मनात पक्की होणे आवश्यक आहे.

४.२ प्रवाहाचे स्वरूप

ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये नळीतील रंगीत पाण्याच्या प्रयोगांतून दाखवून दिले की, वेग कमी असताना प्रवाहाचे थर एकमेकांवरून अलगद सरकतात आणि वेग वाढला की भोवरे निर्माण होऊन थर एकमेकांत मिसळतात. पहिल्यास स्तरित व दुसऱ्यास प्रक्षुब्ध प्रवाह म्हणतात. नळीतील प्रवाहासाठी हा बदल रेनॉल्ड्स अंक २,००० ते २,३०० च्या आसपास सुरू होतो.

वरील १५ मि.मी. नोझलमधून आरगॉन वाहत असल्यास मिनिटाला १५ लिटर दराने रेनॉल्ड्स अंक सुमारे १,६०० येतो. २५ लिटरला तो सुमारे २,६०० होतो आणि ३० लिटरला ३,००० च्या पुढे जातो. कार्बन डायऑक्साइडची गतिकीय श्यानता आरगॉनपेक्षा कमी असल्याने त्याच प्रवाहदराला त्याचा रेनॉल्ड्स अंक याहून अधिक असतो. नोझल ही लांब व गुळगुळीत नळी नाही. तिच्या मध्यभागी टिप असते व कडेला ठिणग्यांचे थेंब चिकटलेले असतात. त्यामुळे हे आकडे काटेकोर सीमारेषा म्हणून नव्हे, तर दिशा दाखविणारे म्हणून घ्यावेत. दिशा मात्र निःसंदिग्ध आहे. प्रवाहदर वाढत गेला की वायूच्या झोताच्या कडा विस्कटतात, भोवरे बाहेरील हवा आत ओढतात आणि जो नायट्रोजन दूर ठेवायचा तोच धातूपर्यंत पोहोचतो. अशा वेळी छिद्रे पाहून वायू आणखी वाढविला तर छिद्रे आणखी वाढतात.

४.३ वाऱ्याचे गणित

अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या पोलादी बांधकामासाठीच्या डी १.१ या संहितेत, ताशी ८ कि.मी. पेक्षा अधिक वारा असल्यास आडोशाशिवाय वायुसंरक्षित वेल्डिंग करू नये, असे बंधन आहे. ताशी ८ कि.मी. म्हणजे सेकंदाला सुमारे २.२ मीटर. वर काढलेल्या १.४ मीटर या वेगाशी त्याची तुलना केल्यास बंधनामागील कारण लगेच उमगते. वाऱ्याचा वेग संरक्षक वायूच्या स्वतःच्या वेगाहून अधिक झाला की पांघरूण उडून जाणारच. पायावर उभा असलेला मोठा पंखा जवळ ठेवल्यास त्याचा झोत ही मर्यादा सहज ओलांडतो.

वाऱ्यावर मात करण्यासाठी वायूचा वेग दुप्पट करावयाचा तर प्रवाहदर मिनिटाला ३० लिटर करावा लागेल. परंतु त्या प्रवाहदराला झोत स्वतःच प्रक्षुब्ध होतो, हे आपण पाहिले. याचा अर्थ, वाऱ्यावरचा उपाय सिलिंडरच्या चावीत नसून आडोशात आहे. ताडपत्रीचा पडदा, पत्र्याचा तुकडा किंवा तीन बाजूंनी बंद केलेली जागा जे काम करते ते अधिक वायू करू शकत नाही.

५. प्रवाहदर निश्चित करण्याची पद्धती

५.१ प्रारंभिक मूल्य

दोन ढोबळ नियम उपयोगी पडतात. तारेचा व्यास मि.मी. मध्ये घेऊन त्याला १० ते १२ ने गुणावे, किंवा नोझलचा आतील व्यास जितके मि.मी. तितके लिटर प्रतिमिनिट धरावे. दोहोंची उत्तरे सहसा जवळपास येतात. वारा नसलेल्या बंदिस्त जागेसाठी साधारण मूल्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील :

०.८ मि.मी. तार, १२ ते १३ मि.मी. नोझल : मिनिटाला ८ ते १२ लिटर
१.० मि.मी. तार, १३ ते १५ मि.मी. नोझल : मिनिटाला १० ते १४ लिटर
१.२ मि.मी. तार, १५ ते १६ मि.मी. नोझल : मिनिटाला १४ ते १८ लिटर

अमेरिकी पुस्तकांत व काही आयात केलेल्या मीटरवर हे माप ताशी घनफुटांत दिलेले असते. ताशी १ घनफूट म्हणजे मिनिटाला सुमारे ०.४७ लिटर. पुस्तकातील '३०' हा आकडा तसाच लिटरच्या मीटरवर लावल्यास प्रवाह दुपटीहून अधिक होतो. त्यामुळे मीटरवरील एकक प्रथम वाचणे अगत्याचे आहे.

५.२ मीटर काय दाखवितो?

लघु कार्यशाळांत दोन प्रकारचे मीटर आढळतात. पहिल्यात उभ्या पारदर्शक नळीत एक गोळी तरंगते. वायूचा मार्ग पुढे कोठे अडला तर गोळी खाली येते. म्हणजे हा मीटर प्रत्यक्ष प्रवाह दाखवितो. दुसरा प्रकार घड्याळासारख्या तबकडीचा असतो. तो वस्तुतः एका बारीक छिद्रामागील दाब मोजतो आणि तबकडीवर त्या दाबाचे लिटरमध्ये रूपांतर छापलेले असते. पुढे नळी दबली किंवा नोझल ठिणग्यांनी बुजले तरी तबकडीचा काटा जवळपास तेथेच राहतो. 'मीटर पंधरा दाखवतो आहे, मग गॅस येतोच आहे' हा युक्तिवाद दुसऱ्या प्रकारात टिकत नाही.

गोळीचा मीटर ज्या वायूसाठी आखलेला आहे त्याखेरीज अन्य वायूला वापरल्यास घनतेच्या फरकामुळे वाचन चुकते. आरगॉनच्या मीटरमधून कार्बन डायऑक्साइड सोडल्यास ही चूक ५ टक्क्यांच्या आसपास असते व ती दुर्लक्षिता येते. हेलियमच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष प्रवाह वाचनाच्या तिपटीहून अधिक असतो.

या सर्व शंकांचे निरसन करणारे साधन म्हणजे नोझलच्या तोंडावर धरावयाचा हातातील छोटा प्रवाहमापक. सिलिंडरजवळचा मीटर व नोझलवरचे वाचन यांत लक्षणीय तफावत आढळली तर मधल्या मार्गात गळती किंवा अडथळा आहे हे निश्चित होते. कार्यशाळेतील सर्व यंत्रांना मिळून असे एक साधन पुरते.

५.३ क्रमवार कृती

१) सिलिंडर उभा व साखळीने बांधलेला आहे याची खात्री करावी. बाजूला उभे राहून झडप सावकाश उघडावी.
२) नोझल काढून आतील ठिणग्यांचे थेंब साफ करावेत. टिप व गॅस पसरविणारी छिद्रे तपासावीत.
३) वायर फीडरचा दाबरोलर उचलून तार मोकळी करावी, म्हणजे ट्रिगर दाबल्यावर तार पुढे न येता केवळ वायू येईल.
४) ट्रिगर दाबून, वायू वाहत असतानाच प्रवाहदर लावावा. वायू बंद असताना लावलेला आकडा निरर्थक असतो.
५) नोझलवर हातातील मापकाने वाचन पडताळावे.
६) सर्व जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती पाहावी.
७) स्वच्छ घासलेल्या पट्टीवर सांधा मारून पाहावा. नंतर प्रवाहदर मिनिटाला दोन-दोन लिटरने कमी करत जावे व छिद्रे दिसू लागतील तो आकडा नोंदवावा. त्यावर ३ ते ४ लिटर वाढवून तो कामाचा प्रवाहदर ठरवावा.
८) टी आकाराचा एक नमुना करून एका बाजूने सांधावा व हातोड्याने मोडून भंगलेला पृष्ठभाग पाहावा. वरून गुळगुळीत दिसणारा सांधा आतून कसा आहे हे त्यावरूनच कळते.

सातवी व आठवी पायरी वेळेअभावी वगळली जाते. प्रत्यक्षात ठरलेला आकडा यंत्रावर खडूने लिहून ठेवल्यास ही चाचणी प्रत्येक कामाला नव्याने करावी लागत नाही. तार, नोझल किंवा वायू बदलल्यावरच ती करावी लागते.

६. प्रवाहदर योग्य असूनही सच्छिद्रता का?

प्रवाहदर ठरलेल्या पट्ट्यात असूनही छिद्रे येत असतील तर चावीला हात न लावता हवा किंवा अन्य वायू कोठून शिरतो याचा शोध घ्यावा. नोझल कामापासून फार दूर धरणे हे सर्वाधिक आढळणारे कारण होय. पातळ कामात तार टिपेपासून १० ते १५ मि.मी. बाहेर असावी. टॉर्च लंबापासून १० ते १५ अंशांहून फार कलती धरल्यास मागील बाजूने हवा ओढली जाते. टॉर्चच्या मानेतील रबरी कडी झिजल्यास वाहता वायू त्या फटीतून हवा आत खेचतो. गंज, तेल, रंग व जस्ताचा मुलामा यांपासून निर्माण होणारे वायू तर सांध्याच्या आतूनच येतात व कितीही संरक्षक वायू सोडला तरी ते थांबत नाहीत. जून ते सप्टेंबर या काळात दमट हवेने पत्र्यावर व उघड्या रिळावरील तारेवर गंजाचा पातळ थर चढतो. 'पावसाळ्यात गॅस खराब येतो' ही तक्रार अनेकदा वस्तुतः गंजलेल्या तारेची असते.

७. वायूचा हिशेब

१ किलो कार्बन डायऑक्साइडपासून सामान्य तापमानाला सुमारे ५४० लिटर वायू मिळतो. ३० किलोच्या सिलिंडरमधून सुमारे १६,००० लिटर वायू मिळेल. मिनिटाला १५ लिटर दराने तो सुमारे १८ तास प्रत्यक्ष आर्क-वेळेला पुरतो. २५ लिटर दराने ११ तासांनाही पुरत नाही. मिश्र वायूचा ७ घनमीटरचा सिलिंडर १५ लिटर दराने सुमारे पावणेआठ तास, तर २५ लिटर दराने ४ तास ४० मिनिटे चालतो. मिनिटाला अवघी १ लिटर गळती असली व रात्री झडप उघडी राहिली तर १२ तासांत ७२० लिटर, म्हणजे या सिलिंडरचा दहावा हिस्सा, निघून जातो.

टाके मारण्याच्या कामात आणखी एक अदृश्य खर्च असतो. ६ मि.मी. आतील व्यासाच्या ३ मीटर नळीचे आकारमान सुमारे ८५ घन सें.मी. असते. ट्रिगर सोडल्यावर नळीत वातावरणाहून ३ बार अधिक दाब साठत असेल, तर पुढच्या वेळी ट्रिगर दाबताच सुमारे पाव लिटर जादा वायू एका झटक्यात बाहेर पडतो. एका सेकंदाच्या टाक्याला लागणारा वायूही पाव लिटरच आहे. म्हणजे खप दुप्पट होतो. शिवाय हा झटका क्षणभर प्रक्षुब्ध असल्याने टाक्याच्या आरंभीच छिद्र पडण्याचा संभव असतो. नळी अनावश्यक लांब न ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवरील दाबमापक वायू किती उरला हे सांगत नाही. आत द्रव शिल्लक असेपर्यंत दाब केवळ तापमानावर अवलंबून असतो. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे ५७ बार, तर ३० अंशांना सुमारे ७२ बार असतो. ३१ अंशांपलीकडे या पदार्थात द्रव व वायू हा भेदच उरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमधील सिलिंडर ही मर्यादा ओलांडतो. त्यामुळे उन्हाळ्यात वाढलेला दाब पाहून सिलिंडर भरलेला आहे असे मानणे चुकीचे ठरते. सिलिंडरवर कोरलेले रिकामे वजन वजा करून वजनकाट्यावर तोलणे हाच खात्रीचा मार्ग होय. आरगॉन व मिश्र वायू मात्र सिलिंडरमध्ये वायुरूपातच असल्याने त्यांचा दाब शिल्लक वायूच्या जवळपास प्रमाणात उतरतो.

द्रवाची वाफ होताना व वायू प्रसरण पावताना उष्णता शोषली जाते. त्यामुळे दीर्घकाळ जास्त प्रवाहदर ठेवल्यास रेग्युलेटरवर बर्फ जमतो व प्रवाह अनियमित होतो. त्यासाठी विजेवरील हीटर वापरावा. रेग्युलेटरला ज्योतीने शेकणे धोकादायक असून ते कटाक्षाने टाळावे.

८. कामगाराचा श्वास आणि सांध्याचे पांघरूण

येथपर्यंतच्या विवेचनावरून पंखा बंद करावा व दारे लावावीत असा निष्कर्ष कोणी काढील. तो धोकादायक आहे. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात पंख्याविना काम करणे अमानुष आहे. शिवाय वेल्डिंगच्या धुरात धातूंची ऑक्साइडे व कार्बन डायऑक्साइडच्या विघटनातून आलेला कार्बन मोनॉक्साइड असतो. तेव्हा वारा बंद करणे हे उद्दिष्ट नसून तो आर्कवरून वळविणे हे आहे. पंखा कामगाराच्या बाजूने, आर्कला आडोसा देऊन लावावा. धूर ओढणारा पंखा सांध्याला चिकटून न ठेवता थोड्या अंतरावर, वरच्या बाजूस असावा.

आरगॉन व कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत. ते वाहन दुरुस्तीच्या खड्ड्यात, टाकीत किंवा जमिनीलगत साचतात. कामगार रात्री मुक्काम करतात अशा गाळ्यांत हा प्रश्न गंभीर होतो. १० फूट रुंद, १५ फूट लांब व १० फूट उंच गाळ्याचे आकारमान सुमारे ४२ घनमीटर असते. अमेरिकेतील नायॉश या संस्थेने हवेतील ४ टक्के कार्बन डायऑक्साइड ही जीवितास तत्काळ धोक्याची पातळी मानली आहे. शटर लावलेल्या अशा गाळ्यात ती गाठण्यास सुमारे ३ किलो वायूची गळती पुरेशी आहे, आणि वायू खाली साचत असल्याने जमिनीवर झोपलेल्या माणसाभोवती ती त्याहून आधी गाठली जाते. काम संपताच सिलिंडरची मुख्य झडप बंद करणे आणि सिलिंडर असलेल्या बंद जागेत कोणासही झोपू न देणे, हे दोन नियम प्रवाहदराच्या सर्व आकड्यांहून महत्त्वाचे आहेत. सिलिंडरची साठवण व हाताळणी वायू सिलिंडर नियम, २०१६ नुसार करणे बंधनकारक आहे.

९. अध्यापनाच्या दृष्टीने विचार

या परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या कार्यशाळेत वेल्डिंगचा परिचय करून दिला जातो, तर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या मोरवाडी येथील संस्थेसारख्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कुशल कारागीर घडतात. २००७ पासून भारतात होत असलेल्या बाहा स्पर्धेसाठी विद्यार्थ्यांचे संघ वाहनाची चौकट स्वतः तयार करतात. वाहन उलटल्यास त्या चौकटीचे सांधे चालकाच्या जिवाचे रक्षण करतात. सांधा वरून घासून चमकविलेला आहे की आतून निर्दोष आहे, हा प्रश्न येथे केवळ गुणांचा राहत नाही.

या विषयाचा एक लाभ असा की, भौतिकशास्त्राच्या वर्गातील रेनॉल्ड्स अंक येथे हाताला लागतो. एकाच जाडीच्या पाच पट्ट्या, मिनिटाला ५, १०, १५, २० व ३० लिटर असे पाच प्रवाहदर, आणि प्रत्येक नमुना मोडून मोजलेली छिद्रे, एवढ्या साहित्यावर एक अर्थपूर्ण प्रयोग उभा राहतो. हाच प्रयोग पंखा चालू ठेवून व नंतर आडोसा लावून पुन्हा केल्यास वाऱ्याचा परिणामही विद्यार्थ्यांना स्वतः पडताळता येतो.

१०. निष्कर्ष

१) संरक्षक वायूचे प्रमुख कार्य हवेतील नायट्रोजन दूर ठेवणे हे असून त्यासाठी संथ व अखंड आवरण लागते.
२) प्रवाहदराला खालची तशीच वरचीही मर्यादा आहे. सर्वसाधारण लघु कार्यशाळेत तो मिनिटाला ८ ते १८ लिटर या पट्ट्यात, तार व नोझलनुसार असावा.
३) वारा, गंज, बुजलेले नोझल व टॉर्चचा चुकीचा कोन यांवर वायू वाढविणे हा उपाय नाही.
४) प्रवाह सिलिंडरपाशी लावला तरी तो नोझलपाशी पडताळावा आणि सांधा मोडून तपासावा.

११. शिफारशी

महाविद्यालयीन कार्यशाळांनी नोझलवर वापरावयाचा प्रवाहमापक उपलब्ध करून घ्यावा व प्रवाहदराची नोंद विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक वहीत अनिवार्य करावी. औद्योगिक साप्ताहिक सुटीच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, परिसरातील लहान गाळाधारकांसाठी अर्ध्या दिवसाची प्रात्यक्षिके महाविद्यालयांना घेता येतील. त्यांतून कारागिरांना मोजमापाची सवय लागेल आणि अध्यापकांना कारागिरांच्या अनुभवातून शिकावयास मिळेल. उस्तादाने शिष्याला 'गॅस वाढव' असे सांगण्यापूर्वी 'आधी हवा कुठून येते ते बघ' असे सांगावे, एवढा बदल घडला तरी वाया जाणारा वायू व रंगाखाली दडणारी छिद्रे या दोहोंत घट होईल.